प्रोग्रॅमिंग आपल्याला मानवेल का?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर गणिताचे. उत्तर बरोबर आलं एवढ्यावर ते पूर्ण गुण देत नसत. पायऱ्या पाहत, आणि पायऱ्या नीट असतील तर चुकलेल्या उत्तरालाही निम्म्याहून जास्त गुण देऊन टाकत. त्यावरून पालकांच्या तक्रारी यायच्या, असं त्यांचे सहकारी सांगतात. आजचा विषय त्यांच्या या सवयीच्या फार जवळचा आहे.

परीक्षा संपल्या आहेत, निकाल लागायचे आहेत. जून-जुलैत अभियांत्रिकी प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या सुरू होतील आणि पर्यायांच्या अर्जात पहिल्या ओळीवर काय लिहायचं यावर घराघरांत खल होईल. हा खल कसा मिटतो ते मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. मागच्या वर्षीचा कटऑफ काढला जातो. ज्या शाखेचा कटऑफ वर, ती शाखा चांगली. गर्दी पाहून खानावळ निवडावी, तसा हा हिशेब. मुलाला किंवा मुलीला प्रोग्रॅमिंगचं काम मानवेल का, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. आलाच तर 'आमचा मोबाईल फार छान चालवतो' इथे संपतो.

माझी तीसएक वर्षं याच धंद्यात गेली. कोबोल या जुन्या भाषेपासून सुरुवात झाली, आता नव्या भाषांत काम करणाऱ्या तरुणांबरोबर बसतो. तेव्हा आज सल्ला देण्यापेक्षा हे काम आतून कसं आहे ते सांगतो. मानवेल की नाही ते तुम्ही ठरवा.

ही शंका नवी नाही, आणि ती फक्त कच्च्या विद्यार्थ्यालाच पडते असंही नाही. एड्सखर डाइक्स्ट्रा हे नाव संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी भेटतं. दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची त्यांची रीत अभ्यासक्रमात असते. ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत होणाऱ्या पत्नीसोबत कॉफी पिताना, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत ती सुचली, असं त्यांनी नंतर सांगितलं. हा माणूस १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर होता, आणि त्याच वेळी भौतिकशास्त्राचं शिक्षणही घेत होता. तीन वर्षांनी त्यांना प्रश्न पडला की दोन्हीपैकी एकच निवडायचं तर कोणतं? यंत्र बांधणारे सहकारी निदान व्हॉल्व्ह आणि ॲम्प्लिफायरचे जाणकार होते. प्रोग्रॅमिंगमध्ये तुम्हाला नक्की काय येतं, असं कुणी विचारलं तर आपण रिकाम्या हाताने उभे राहू, असं त्यांना वाटे. ते वरिष्ठांकडे, वान वाइनखार्डन यांच्याकडे गेले. वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि मान्य केलं की या विषयात अजून फारसं काही नाही. मात्र संगणक आता जाणार नाहीत, आणि या विषयाला प्रतिष्ठा आणणाऱ्यांत तुम्हीच का नसावं, असं त्यांनी विचारलं. डाइक्स्ट्रांनी निर्णय घेतला. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला, तर पालिकेने तो मान्यच केला नाही. असा व्यवसाय नसतो म्हणे. दाखल्यावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लागलं. १९७२ साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी ही हकीकत स्वतःच सांगितली आहे.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते असं की तीन वर्षं काम केल्यावर त्यांना हा प्रश्न पडला. आपल्याकडे तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, एकही प्रोग्रॅम लिहिण्याआधी विचारतात, आणि उत्तर आठवडाभरात अर्जावर हवं असतं.

आता कुणी म्हणेल, मग कल चाचणी घेऊ या. तालुक्याच्या गावीसुद्धा आता पैसे घेऊन कल सांगणारी केंद्रं निघाली आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी या धंद्याने स्वतःवर केलेल्या चाचण्यांचा इतिहास ऐका. तो मनोरंजक आहे आणि थोडा लाजिरवाणाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत संगणक भराभर विकले जाऊ लागले आणि ते चालवायला माणसं मिळेनात. आयबीएमने १९५५ साली प्रोग्रॅमरांसाठी एक कल चाचणी तयार केली. अंकांच्या मालिका पूर्ण करा, आकृत्यांतलं साम्य ओळखा, शाब्दिक उदाहरणं सोडवा, असं तिचं स्वरूप. आपल्या स्कॉलरशिपच्या परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवा. त्या काळात ही चाचणी असंख्य कंपन्यांनी वापरली. तिच्यातल्या गुणांचा मेळ प्रशिक्षणवर्गातल्या गुणांशी बऱ्यापैकी बसे, प्रत्यक्ष कामाशी मात्र फारसा बसत नसे. तरी चाचणी चालूच राहिली, कारण हजार अर्जांतून पन्नास माणसं निवडायला काहीतरी चाळण लागतेच. आपल्या कॅम्पसमधली ॲप्टिट्यूडची फेरी त्याच घराण्यातली.

मग १९६६ साली विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी नोकरीत असलेल्या १३७८ प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडी तपासल्या. कोडी सोडवायची आवड असणं हा एक गुण निघाला. दुसरा निघाला तो म्हणजे त्यांना माणसांत मिसळणं आवडत नाही. हे तपासलेले लोक बहुतांश पुरुष होते. पण निष्कर्ष निवडीच्या कामी आला आणि कंपन्या तशीच माणसं शोधू लागल्या. तशी माणसं शोधली की तशीच सापडतात. चष्मा लावलेला, तुटक बोलणारा, रात्री जागणारा मुलगा म्हणजे प्रोग्रॅमर, हे चित्र बरंचसं अशा निवडींनी घडवलं. मुळात एनियाक या अवाढव्य संगणकावर पहिले प्रोग्रॅम बसवणाऱ्या फिलाडेल्फियातल्या सहाही जणी बायका होत्या. १९४६ साली यंत्र जगाला दाखवलं गेलं तेव्हा त्यांची नावं कुणी घेतली नाहीत, आणि पुढच्या वीस वर्षांत धंद्याचा चेहराच बदलला.

सर्वांत ताजी गोष्ट इंग्लंडमधली आहे. मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बॉर्नाट यांनी २००६ साली एक निबंध फिरवला. प्रोग्रॅमिंगचं तोंडही न पाहिलेल्या नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक प्रश्न दिला. तुम्हीही करून पाहा. पहिली ओळ, अ = १०. दुसरी, ब = २०. तिसरी, अ = ब. आता अ किती आणि ब किती? शाळेतलं बीजगणित डोक्यात असेल तर तिसरी ओळ चूकच वाटते. दहा म्हणजे वीस कसे? बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांत तिसऱ्या ओळीचा अर्थ होतो, ब मधली किंमत अ मध्ये टाक. म्हणजे दोन्ही वीस. निबंधाचं म्हणणं होतं की उत्तर बरोबर की चूक याला महत्त्व नाही. जो विद्यार्थी सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावतो, मग तो नियम चुकीचा का असेना, तो पुढे शिकतो. आणि जो दर प्रश्नाला नियम बदलतो तो शिकत नाही. जन्मजात दोन जाती आहेत, असाच लोकांनी त्याचा अर्थ घेतला. जगभरच्या प्राध्यापकांना तो मनापासून पटला, कारण आपल्या वर्गात निम्मी मुलं का नापास होतात याचं आयतं उत्तर मिळालं. २०१४ साली बॉर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. दोनच वर्षांनी कॅनडातल्या संशोधकांनी एका विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या ७७८ निकालांची छाननी केली. वर्ग दोन ढिगांत विभागला गेला आहे असं त्यांतल्या सहा टक्क्यांहूनही कमी निकालांत दिसलं.

पण त्या निबंधातलं निरीक्षण मला अजून सोडवत नाही. चुकीचा का होईना, एक नियम धरून शेवटपर्यंत जाणारी मुलगी कुठे चुकली ते तिला दाखवता येतं. सर पायऱ्यांना गुण देत ते याचसाठी असावं.

सत्तर वर्षं माणूस आधीच ओळखण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. तेव्हा कल सांगणाऱ्या केंद्राला दिलेले पैसे वाचवा. हे काम करूनच कळतं. मात्र काम म्हणजे नक्की काय करायचं असतं, तेच नीट माहीत नसतं. म्हणून एक उदाहरण घेतो, आपल्याच भागातलं.

गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. समजा एका मुलीच्या काकांकडे डेअरीचं सचिवपद आहे आणि तिने ठरवलं की दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्रॅम आपण लिहू. सभासद येतो, दूध मोजलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, दरपत्रकातून दर निघतो, लिटरने गुणलं की पैसे. सुट्टीत दोन पुस्तकी धडे वाचलेल्या मुलीला हे दुपारभरात जमेल. पडद्यावर पहिलं बिल उमटेल, घरातले कौतुक करतील. बहुतेकांना प्रोग्रॅमिंग म्हणजे एवढंच वाटतं, आणि एवढंच असतं तर मीही सगळ्यांना 'या' म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज जाते. फॅट वहीत हाताने लिहिलं जातं आणि संध्याकाळी कुणीतरी ३.५ ऐवजी ३५ टाकतं. प्रोग्रॅम निमूटपणे एका गाईला सोन्याची करतो. मुलगी मर्यादा घालते. तिसऱ्या दिवशी एक सभासद गाईचं आणि म्हशीचं असं दोन्ही दूध एकाच सभासद क्रमांकावर घालतो. दोन्हींचं दरपत्रक वेगळं, गाईचा पाया ३.५ आणि ८.५, म्हशीचा ६ आणि ९. मुलीने एका सभासदाला एकच जनावर धरलं होतं. मग दर बदलतो, तोही दहा दिवसांच्या मधेच, अमुक तारखेच्या संध्याकाळपासून. जुन्या नोंदी नव्या दराने मोजल्या जातात आणि केंद्रावर भांडण होतं. पशुखाद्याची उचल कापायची असते. बिलापेक्षा उचल मोठी निघाली तर काय करायचं? एकाच नावाचे दोन पाटील आहेत. एक सभासद वारला, त्याचं खातं पत्नीच्या नावे झालं, पण अर्धं बिल जुन्या नावावर आहे. काकांना विचारलं तर ते म्हणतात, "अगं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं." सगळ्यांना माहीत असतं आणि कुठेच लिहिलेलं नसतं.

शेवटी पैशांची बेरीज जुळत नाही. काही पैशांचाच फरक, पण सचिवाच्या वहीत पैशांचा फरक चालत नाही. याचं कारण खोल आहे. संगणक आकडे दोनच अंकांच्या पद्धतीत ठेवतो आणि त्या पद्धतीत एक दशांश हा आकडा नेमका मावतच नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश मावत नाही तसंच. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर नुसतं ०.३ येत नाही, सतराव्या दशांशस्थळी एक चार चिकटलेला दिसतो. म्हणून पैशांचे हिशेब करणारी जाणती माणसं सगळी रक्कम पूर्ण पैशांत ठेवतात आणि छापतानाच रुपये करतात. हे कळायला त्या मुलीला दोन रात्री लागतील.

आता मुद्द्याचा प्रश्न. त्या दोन रात्रींत तिला काय वाटलं? चीड सगळ्यांनाच येते, मलाही येते. चिडीच्या खाली कुतूहल होतं का? काकांना दहाव्यांदा प्रश्न विचारताना तिला संकोच वाटला की मजा? फरक सापडला तेव्हा लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटलं का? की 'बस झालं, कुणीतरी दुरुस्त करून द्या' असं वाटलं? दुसरं वाटलं असेल तर त्यात कमीपणा काही नाही. ती उत्तम डॉक्टर होईल, वकील होईल, काकांपेक्षा चांगली डेअरी चालवेल. पण रोज आठ-नऊ तास हे काम करायला लागलं तर ती आतून वाळेल.

चुका थोरांनाही चुकलेल्या नाहीत. केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक मॉरिस विल्क्स यांनी उभा केला आणि मे १९४९ मध्ये त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. आपलं उरलेलं बरंच आयुष्य स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे त्यांना एके दिवशी जिना चढताना लख्खपणे जाणवलं, असं त्यांनी आठवणींत लिहिलं आहे. त्यांच्या सुरुवातीच्या एका प्रोग्रॅमची कागदी फीत पुढे अभ्यासकांनी तपासली. सव्वाशे सूचनांत वीस चुका निघाल्या. यंत्र बांधणाऱ्या माणसाची ही गत. त्यामुळे मुलाचा पहिला प्रोग्रॅम चालला नाही म्हणून 'तुला जमणार नाही' असं म्हणू नका. चौथ्या वेळी न चालल्यावर तो काय करतो ते लांबून पाहा.

इथवर मी आपण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमबद्दल बोललो. नोकरीत तुम्ही दुसऱ्याचा लिहिलेला प्रोग्रॅम वाचता. महाविद्यालयात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आपल्या महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध जुना आहे. टीसीएसची सुरुवात १९६८ साली मुंबईत झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि मग बेंगळुरूला गेली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. पेपरात फोटो परमचा आला. हजारो घरांत मात्र पैसा वेगळ्या कामाने आला. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असे, कारण तेव्हा साठवणुकीची जागा महाग होती. २००० साल उजाडताना '००' म्हणजे १९०० समजलं जाईल आणि बँकांचे, विम्याचे हिशेब कोसळतील ही भीती खरी होती. तेव्हा परदेशातल्या कंपन्यांचे लाखो ओळींचे कोबोल प्रोग्रॅम आपल्या पोरांनी ओळ न् ओळ वाचले आणि तारखा दुरुस्त केल्या. ज्याने लिहिलं तो निवृत्त झालेला, कागदपत्रं नाहीत, एका चलाचं नाव 'एक्स टू', आणि का ते विचारायला समोर कुणी नाही. या वाचनावर आपली गृहकर्जं फिटली आहेत, पुण्याच्या पश्चिमेला नवी उपनगरं उभी राहिली आहेत.

आजही नव्या मुलाला कंपनीत पहिल्या दिवशी कोरा पडदा कुणी देत नाही. दहा-पंधरा वर्षांचं जुनं घर दाखवतात आणि सांगतात, या भिंतीतला नळ बदल, पण बाकीचं पाणी बंद पडता कामा नये. काहींना हे काम आवडतं. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून त्याने असं का केलं असेल याचा छडा लावणं ही त्यांची मजा असते. काहींना त्याचा उबग येतो. मला नवं बांधायचंय, असं ते म्हणतात. नवं बांधायला मिळतं, पण क्वचित, आणि ते मिळण्याआधी बरंच जुनं वाचावं लागतं. ज्याला दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचा मनापासून कंटाळा आहे, त्याने या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाविद्यालय या बाबतीत आपली फसवणूक करतं. चार वर्षांत मूल दुसऱ्याचा एकही मोठा प्रोग्रॅम वाचत नाही. प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या पाहून उतरवल्या जातात, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पैसे देऊन तयार मिळतो, तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक चहा पिऊन सही करतात. मग पदवी हातात येते आणि मुलाला स्वतःलाच ठाऊक नसतं की आपल्याला हे आवडतं की नाही. त्याने ते कधी केलेलंच नसतं.

आता नेहमीच्या तीन शंका. गणित कच्चं असेल तर? बिलं, बँका, आरक्षणं असल्या कामाला टक्केवारी आणि काटेकोर तर्क पुरतो. यंत्रशिक्षण किंवा ग्राफिक्समध्ये जायचं असेल तर संभाव्यता आणि रेखीय बीजगणित लागतं, तिथे सूट नाही. मराठी माध्यम असेल तर? पायथॉनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत; त्यांची धास्ती घेऊ नका. पण माहितीपत्रकं, चुकांचे संदेश आणि ग्राहकाची पत्रं इंग्रजीत येतात, ती वाचून समजायलाच हवीत. बोलायला अडखळलात तरी चालतं. वेगळ्या शाखेचा असेल तर? अच्युत गोडबोले केमिकल इंजिनिअर होऊन आयआयटीतून बाहेर पडले आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर गेले. शाखेच्या नावाला या धंद्यात लोक समजतात तेवढी किंमत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर इतर वक्ते पुष्कळ बोलतात. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या मुलाचं सुरुवातीचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिलं. महागाई मात्र घुटमळली नाही. चांगल्या प्रोग्रॅमरला पाच-सात वर्षांत त्याच्या कितीतरी पट मिळतं, हेही खरं. पण ती वाढ सरसकट नसते. २०२५ च्या जुलैत टीसीएसने आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. सरकारी नोकरीसारखी शाश्वती मनात धरून कुणी येत असेल तर त्याने आधीच थांबावं. आणि आयटीतली प्रत्येक नोकरी म्हणजे प्रोग्रॅमिंग असंही नाही. टेस्टिंग आहे, सपोर्ट आहे, डेटाबेस सांभाळणं आहे, ग्राहकाशी बोलणं आहे. अमेरिकेच्या घड्याळावर चालणाऱ्या सपोर्टच्या पाळ्या तब्येतीला पेलतात का, हा घरी बसून विचारायचा प्रश्न आहे. विशेषतः मुलींच्या घरी तो मोकळेपणाने बोलला जात नाही.

शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल. व्याख्यान कोणतंही असो, श्रोत्यांतून ही चिठ्ठी येतेच. आजही आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्याच्या थोडं आधीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी साधनं मिळू लागली होती. मघाचा डेअरीचा पहिल्या दुपारचा प्रोग्रॅम ही साधनं मिनिटभरात लिहून देतात, आणि व्यवस्थित लिहून देतात. म्हणजे नव्या मुलांना जे सोपं काम देऊन शिकवलं जाई तेच कमी झालं. शिकाऊ माणसाची पहिली पायरी उंच झाली आहे, यात शंका नाही, आणि कंपन्यांना त्याची पुरेशी काळजी आहे असं मला दिसत नाही.

पण त्या मुलीचा दुसरा दिवस, तिसरा दिवस आठवा. एकाच नावाचे दोन पाटील आहेत, हे यंत्राला कुणी सांगितलं? दर मधेच बदलतो हे काकांकडून कुणी काढून घेतलं? यंत्राने लिहून दिलेल्या दोनशे ओळी बरोबर दिसतात. त्या बरोबर आहेत की नाहीत हे कुणीतरी वाचून, करून, सही करून सांगायला लागतं. बिल चुकलं तर केंद्रावर यंत्राला कुणी जाब विचारत नाही. त्यामुळे दुसऱ्याचं लिखाण वाचणं आणि त्याची जबाबदारी घेणं हा कामाचा आधीच मोठा असलेला भाग आता आणखी मोठा झाला आहे. ज्यांना फक्त टंकायला आवडत होतं त्यांची जागा गेली. ज्यांना छडा लावायला आवडतं त्यांची अजून आहे. वीस वर्षांनी काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्या क्लासला पैसे भरू नका.

मग करायचं काय? अर्ज भरण्याआधी एक महिना द्या. पायथॉन फुकट मिळतं, जुन्या संगणकावरही चालतं. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, त्यांतले बरेचसे मराठीतही आहेत. पण धडे संपवणं हे ध्येय ठेवू नका. आपल्या ओळखीच्या एका माणसाचा खराखुरा हिशेब घ्या, किराणा दुकानाच्या उधारीचा, भिशीचा, शाळेच्या पोषण आहाराचा. त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहा आणि त्याला वापरायला द्या. तो तक्रारी घेऊन येईल. त्या सोडवा. मग मित्राने लिहिलेला प्रोग्रॅम मागून घ्या आणि त्यात एक बदल करून दाखवा. यंत्राची मदत घ्यायची असेल तर घ्या, पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ काय करते ते दुसऱ्याला समजावून सांगता आलं पाहिजे. महिन्याच्या शेवटी तक्रारींची वाट पाहत असाल तर कॉम्प्युटर शाखा पहिल्या ओळीवर लिहा. तक्रार करणाऱ्याचा फोन उचलावासा वाटत नसेल तर दुसरं काही लिहा, कटऑफ कितीही वर असो. आणि पहिल्या वर्षानंतर मन बदललं तर काही महाविद्यालयांत शाखा बदलायची सोय असते; प्रवेश घेतानाच तिचा नियम विचारून घ्या.

इथल्या वाचनालयाचे कार्यवाह मघाशी म्हणाले की अभ्यासिकेतले संगणक मे महिनाभर दुपारी दोन ते पाच मोकळे असतात. विद्यार्थ्यांनी नाव नोंदवून यावं. पालकांना मात्र नम्र विनंती, शेजारी खुर्ची घेऊन बसू नये.